पगार मागायला निघालेले शिपाई आणि कोसळणारी सरकारं

२० जानेवारी १९६४. मध्यरात्र उलटून गेली होती. दार-एस-सलाम शहराबाहेरच्या कोलिटो बराकीत अचानक धोक्याचा इशारा वाजला. अंथरुणातून उठून धावत आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यांच्याच शिपायांनी बंदुका रोखून पकडलं आणि गार्डरूममध्ये कोंडलं. मग शिपाई शहराकडे निघाले, थेट राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या निवासस्थानी. न्येरेरे तिथे सापडले नाहीत. त्यांना आणि उपराष्ट्राध्यक्ष रशिदी कवावा यांना आधीच गुप्त ठिकाणी हलवलं होतं. शिपायांना सामोरे गेले ते परराष्ट्र आणि संरक्षण खात्याचे मंत्री ऑस्कर कंबोना.

शिपायांच्या मागण्या दोनच होत्या. पगार वाढवा, आणि गोरे अधिकारी परत पाठवा.

सत्ता कुणीच मागितली नाही. तरीही पुढचे दोन दिवस देशाचा राष्ट्राध्यक्ष कुठे आहे हे लोकांना ठाऊक नव्हतं, शहरात दुकानं लुटली जात होती, माणसं मरत होती. टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) ९ डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झाला होता. त्याचं सगळं सैन्य म्हणजे दोन पलटणी, जेमतेम दोन हजार माणसं. एवढ्याशा सैन्यातल्या काहीशे शिपायांनी एका लोकप्रिय सरकारला लपून बसायला लावलं.

हे कसं घडतं? नव्याने स्वतंत्र झालेल्या इतक्या देशांत, इतक्या वेळा, जवळजवळ एकाच चालीने का घडतं? त्या आठवड्यात पूर्व आफ्रिकेत जे झालं ते नीट पाहिलं की बरंच उलगडतं, म्हणून मी त्या आठवड्याभोवतीच फिरणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'बंड', 'उठाव', 'लष्करी क्रांती' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्ता उलथवणं हे बहुतेकदा अधिकाऱ्यांचं काम. कर्नल, मेजर, कॅप्टन गुपचूप जमतात, रेडिओ केंद्र, विमानतळ आणि राष्ट्राध्यक्षांचा वाडा ताब्यात घेतात, पहाटे घोषणा वाचून दाखवतात. त्यांना खुर्ची हवी असते. बंडाळी खालून येते. शिपाई, नाईक, सार्जंट या थरातून. त्यांना खुर्चीवर बसायचं नसतं, खुर्चीवरच्या माणसाने ऐकावं एवढंच हवं असतं.

शिपायाची अडचण काय असते ते पाहा. त्याला संघटना करता येत नाही. संप करता येत नाही. मोर्चा काढता येत नाही, वर्तमानपत्राकडे जाता येत नाही. तक्रार करायचीच तर ती वरिष्ठामार्फत, म्हणजे बऱ्याचदा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातून वर पाठवायची. कारखान्यातला कामगार जे संप करून सांगतो, ते सांगायला शिपायाकडे बंडाशिवाय मार्ग उरत नाही. फरक एवढाच की संपकऱ्यांच्या हातात फलक असतात आणि यांच्या हातात भरलेल्या बंदुका.

म्हणूनच ते गाऱ्हाण्यापाशी थांबत नाही. शिपाई राजधानीच्या रस्त्यावर आले आणि त्यांना कुणी अडवलं नाही, की सरकार आतून किती पोकळ आहे हे एका सकाळीत सगळ्यांना दिसतं. विरोधी पक्षांना दिसतं, कामगार पुढाऱ्यांना दिसतं, महत्त्वाकांक्षी कॅप्टनला तर आधी दिसतं. एप्रिल १९९२ मध्ये सिएरा लिओनचे तरुण सैनिक आघाडीवरून राजधानी फ्रीटाउनला आले, ते पगार आणि साधनांची तक्रार घेऊन. राष्ट्राध्यक्ष जोसेफ मोमो शेजारच्या गिनीत पळाले आणि व्हॅलेंटाइन स्ट्रासर नावाचा २५ वर्षांचा कॅप्टन राष्ट्रप्रमुख झाला. डिसेंबर १९९९ मध्ये आयव्हरी कोस्टच्या सैनिकांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या शांतिसेनेच्या कामाचे थकलेले भत्ते मागितले, आणि नाताळच्या आत सरकार पडलं.

आता मुळाशी जाऊ. शिपाई नाराज का होते?

टांगानिका, युगांडा आणि केनिया या तिन्ही देशांचं सैन्य एकाच पोटचं. १९०२ मध्ये ब्रिटिशांनी उभी केलेली 'किंग्ज आफ्रिकन रायफल्स' ही फौज त्यांची आई. स्वातंत्र्याच्या वेळी तिच्या पलटणी वाटून दिल्या आणि त्यांच्या पाट्या बदलल्या. सहावी पलटण टांगानिका रायफल्स झाली, चौथी युगांडा रायफल्स झाली. बराक तीच, कवायत तीच, अधिकारीही बहुतेक तेच गोरे.

वसाहतीचं सैन्य परक्या शत्रूसाठी उभारलेलं नसतं. ते मुख्यतः तिथल्याच जनतेवर वचक ठेवायला असतं. त्यामुळे भरती करतानाच काळजी घेतलेली असते की ज्याच्यावर गोळी झाडायची, तो झाडणाऱ्याचा भाऊबंद नसावा. 'लढाऊ जमाती' ही कल्पना ब्रिटिशांनी भारतात वापरली, तीच आफ्रिकेत नेली. युगांडात शाळा, व्यापार, राजधानी हे सगळं दक्षिणेत; शिपाई मात्र उत्तरेकडच्या अचोली, लांगी आणि वेस्ट नाइलच्या जमातींतून. केनियात कांबा आणि कालेंजिन लोकांची भरती जोरात, किकुयू जवळपास नाहीत. स्वातंत्र्याचा दिवस उजाडतो तेव्हा देशाच्या एका भागाकडे शिक्षण आणि पैसा असतो, दुसऱ्याकडे बंदूक असते, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास बसावा असं काही कुणी केलेलं नसतं.

अधिकारीपदांची गोष्ट तर फारच जिव्हारी लागणारी. १९५० च्या दशकात या फौजेत 'एफेंदी' नावाचा हुद्दा काढला गेला. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचं तर सुभेदार-जमादारासारखा. शिपायाच्या वर, पण खऱ्या अधिकाऱ्याच्या खाली. वीस वर्षं इमानाने नोकरी केलेल्या, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेल्या माणसाला नुकत्याच मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकावा लागे. मग स्वातंत्र्य आलं. गावाकडचा शाळामास्तर मंत्री झाला, कारकून जिल्ह्याचा साहेब झाला. बराकीत काय बदललं? झेंडा.

जानेवारी १९६४ च्या सुरुवातीला न्येरेरे यांनी जाहीर केलं की सरकारी नोकरीत आता नागरिकांमध्ये वंशावरून भेद करायचा नाही, आफ्रिकी नागरिकांना दिलेलं झुकतं माप संपलं. तत्त्व म्हणून हे धोरण उदात्त होतं आणि मला त्याबद्दल न्येरेरे यांचा आदरच वाटतो. पण बढतीची वाट बघत बसलेल्या सार्जंटच्या कानाला ते कसं ऐकू आलं असेल? 'तुमची पाळी येण्याआधीच रांग मोडली.'

याच गोष्टीचं सगळ्यात उघडंनागडं रूप चार वर्षांपूर्वी काँगोत दिसलं होतं. ३० जून १९६० ला काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. त्याच्या 'फोर्स पब्लिक' या सैन्यात सुमारे २५,००० माणसं आणि एकही काँगोली अधिकारी नाही. पाचव्या दिवशी, ५ जुलैला, सेनापती जनरल एमिल यान्सन्स यांनी राजधानीतल्या छावणीत शिपायांपुढे फळ्यावर खडूने लिहिलं: 'स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर'. म्हणजे तुमच्यासाठी काहीही बदललेलं नाही, शिस्तीत राहा. त्याच दिवशी थिसव्हिल गावच्या छावणीत बंड पेटलं आणि बघता बघता देशभर पसरलं.

पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी घाईघाईने प्रत्येक शिपायाला एक पायरी बढती दिली, यान्सन्स यांना काढलं, सैन्याचं नाव बदललं. पण आग आवरली नाही. १० जुलैला बेल्जियमचं सैन्य उतरलं. ११ तारखेला तांब्याच्या खाणींचा श्रीमंत कटांगा प्रांत फुटून निघाला. १४ तारखेला संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवायचा ठराव केला. फळ्यावरच्या त्या ओळीपासून देश तुटेपर्यंत मध्ये एक आठवडासुद्धा गेला नाही. या गोंधळात जोसेफ मोबुटू नावाचा माजी सार्जंट-मेजर कर्नल आणि सैन्याचा मुख्याधिकारी झाला. सप्टेंबरमध्ये त्याने पहिल्यांदा सत्तेवर हात टाकला, जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबा मारले गेले, आणि नोव्हेंबर १९६५ पासून १९९७ पर्यंत देश मोबुटूच्या मुठीत राहिला.

लुमुंबांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या राज्यकर्त्यांनी अख्ख्या सैन्यात एकही स्थानिक अधिकारी तयार केला नाही, त्यांनी ही आग आधीच रचून ठेवली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका रात्रीत दिलेल्या बढत्यांचा आणखी एक त्रास असतो, तो मागाहून कळतो. तिशीतला सार्जंट रातोरात मेजर झाला की पुढची वीस-पंचवीस वर्षं ती जागा अडली. त्याच्या खालच्या, त्याच्याहून पाच वर्षांनी लहान आणि कदाचित जास्त शिकलेल्या माणसाला दिसतं की आपण म्हातारे होईपर्यंत वरची खुर्ची रिकामी होणार नाही. पहिल्या बंडाचं औषध दुसऱ्या बंडाचं कारण होतं ते असं.

आता परत त्या आठवड्याकडे.

१२ जानेवारीला झांझिबार बेटावर क्रांती झाली, सुलतान पळाला. टांगानिकाने तिथे मदतीला पोलिसांची तुकडी पाठवली, त्यामुळे दार-एस-सलाममध्ये पोलीस कमी पडले. २० तारखेला कोलिटो. २१ ला टांगानिकाचीच दुसरी पलटण, ताबोरा गावी. २३ ला युगांडातली जिंजाची बराक. २४ च्या संध्याकाळी केनियातली लानेटची बराक. या सगळ्यामागे एखादा मोठा कट असेल अशी शंका तेव्हा पुष्कळांना आली. पण कटाची गरजच नव्हती. रेडिओ होता. एका बराकीतल्या भावंडांनी मागितलं आणि सरकार वाकलं, ही बातमी ऐकून दुसऱ्या बराकीतला शिपाई तेच करतो. त्याच्या मनात राग आधीपासून असतो. एकट्याने उठलो तर गोळी बसेल ही भीती असते. शेजारची बराक उठलेली ऐकली की ती भीती जाते.

तिन्ही सरकारांनी शेवटी जे केलं ते अत्यंत लाजिरवाणं होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. ज्यांच्यापासून नुकतंच स्वातंत्र्य मिळवलं त्या ब्रिटिशांनाच त्यांनी हाक मारली. २५ जानेवारीच्या पहाटे 'सेंटॉर' या विमानवाहू जहाजावरून हेलिकॉप्टरने आलेले ब्रिटिश मरीन सैनिक कोलिटोत उतरले, गार्डरूमवर रॉकेट डागलं, आणि थोड्याच वेळात बंड संपलं. त्याच दिवशी जिंजातही ब्रिटिश तुकड्यांनी बराक वेढून शिपायांची शस्त्रं काढून घेतली. लानेटमध्ये जवळच असलेलं ब्रिटिश तोफखाना दल पुढे झालं.

इथपर्यंत तिघांची कहाणी एकच आहे. इथून पुढे वाटा फुटतात.

युगांडाचे पंतप्रधान मिल्टन ओबोटे यांनी आपले मंत्री फेलिक्स ओनामा यांना जिंजाला पाठवलं होतं. शिपायांनी त्यांना तिथेच अडकवून पगारवाढ कबूल करून घेतली. ब्रिटिशांनी बंड मोडल्यावरही ओबोटे यांनी ती भरघोस वाढ कायम ठेवली. काही शिपाई काढले, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांना निरोप दिला, सैन्य झपाट्याने वाढवलं, आणि मर्जीतल्या माणसांना भराभर वर चढवलं. त्या माणसांत एक होता इदी अमीन, जुना एफेंदी. ओबोटे यांना वाटलं, सैन्य खूश ठेवलं की ते आपलं राहील. १९६६ मध्ये त्यांनी ते वापरलंही. राज्यघटना बाजूला सारून, मे महिन्यात युगांडातल्याच बुगांडा या जुन्या राज्याच्या राजाच्या वाड्यावर अमीनला सोडलं. राजा परदेशी पळाला. पण त्या दिवसापासून ओबोटे यांची खुर्ची अमीनच्या बंदुकीवर टेकलेली होती. २५ जानेवारी १९७१ ला, जिंजाची शस्त्रं काढून घेतल्याला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी, ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले असताना अमीनने सत्ता घेतली. पुढची आठ वर्षं युगांडाने काय भोगलं हे जगाला माहीत आहे. १९७२ मध्ये नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलल्या गेलेल्या आशियाई कुटुंबांनाही ते माहीत आहे.

केनियात जोमो केन्याटा यांनी बंडवाल्यांशी बोलणंच केलं नाही. कोर्ट मार्शल झालं, शिक्षा झाल्या. ब्रिटनशी संरक्षणाचा करार करून प्रशिक्षण आणि मदत चालू ठेवली. थंड डोक्याने घेतलेला, हिशेबी मार्ग. त्याने देश सावरला खरा, पण खालच्या थरातली खदखद मिटली नाही. १ ऑगस्ट १९८२ ला केनियाच्या हवाई दलातल्या सैनिकांनी सरकार उलथवायचा प्रयत्न केला. त्यांचा म्होरक्या हिझेकिया ओचुका हा दलातल्या अगदी खालच्या हुद्द्यांपैकी एकावर होता. काही तास तो स्वतःला देशाचा प्रमुख म्हणवत होता. भूसैन्याने तो प्रयत्न मोडून काढला.

न्येरेरे यांनी तिसरंच केलं. त्यांनी सैन्यच बरखास्त केलं. झाल्या प्रकाराने देशाची मान खाली गेली हे त्यांनी लपवलं नाही. आफ्रिकी देशांच्या संघटनेची बैठक बोलावली, ब्रिटिश सैनिकांच्या जागी नायजेरियाची पलटण मागून घेतली, आणि त्या आडोशाला नवं सैन्य उभारायला घेतलं. १ सप्टेंबर १९६४ ला 'टांझानिया लोकसंरक्षण दल' अस्तित्वात आलं. त्यात भरती झाली ती मुख्यतः सत्ताधारी पक्षाच्या युवक शाखेतून. जुन्या शिस्तीत शिपायाने राजकारणापासून लांब राहायचं असे. इथे शिपाई पक्षाचा सभासद होऊ शकत होता. बंडवाल्यांवर खटले चालले, प्रमुख ठरलेल्या सार्जंटला १५ वर्षांची शिक्षा झाली, इतरांना कमी. शिक्षा सौम्य झाल्या असं न्येरेरे यांना वाटत होतं, तरी त्यांनी न्यायालयाच्या निकालात हात घातला नाही.

हा भाग वाचताना दर वेळी मी थबकतो. दोन दिवस लपून बसावं लागलेला माणूस सूड घ्यायला मोकळा होता.

मात्र या मार्गाची किंमतही होती आणि ती न सांगणं अप्रामाणिक ठरेल. बंडवाल्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून कामगार पुढारी तुरुंगात गेले, स्वतंत्र कामगार महासंघ मोडून सरकारच्या छत्राखालची एकच संघटना केली गेली, आणि १९६५ मध्ये देश एकपक्षीय झाला. सैन्य पक्षाचं झालं कारण देशच पक्षाचा झाला. टांझानियात आजवर एकदाही लष्कराने सत्ता घेतलेली नाही, पण मोकळ्या राजकारणासाठी लोकांना १९९२ पर्यंत थांबावं लागलं.

या गोष्टीला शेवटी एक वळण आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनच्या फौजा टांझानियाच्या कागेरा भागात घुसल्या. न्येरेरे यांनी प्रत्युत्तर दिलं. ११ एप्रिल १९७९ ला कंपाला पडलं. ते घेणाऱ्या सैन्याचा कणा होता कोलिटोच्या बंडानंतर नव्याने घडवलेलं ते लोकसंरक्षण दल. जिंजाच्या बंडानंतर ज्याला गोंजारलं, त्याला कोलिटोच्या बंडानंतर ज्यांना घडवलं त्यांनी घालवलं.

बंडाला पैसे देऊन शांत करणं सगळ्यांत मोहात पाडणारं असतं, कारण संध्याकाळपर्यंत रस्ते मोकळे होतात. आयव्हरी कोस्टमध्ये जानेवारी २०१७ मध्ये बुआके शहरातून सैनिकांनी बंड केलं. हे ८,४०० सैनिक म्हणजे पूर्वीच्या यादवीतले बंडखोर, पुढे सैन्यात घेतलेले. मागणी माणशी १.२ कोटी सीएफए फ्रँकची. सरकारने ५० लाख हातावर ठेवले, उरलेल्याचा वायदा केला. वायद्याचं काही होत नाही असं दिसताच मे महिन्यात पुन्हा बंड, पुन्हा तडजोड. मधल्या काळात ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्या इतर दलांच्या सैनिकांनीही हवेत गोळ्या झाडल्या. शेजारच्या घरात पैसे वाटले जाताना दिसले तर दुसरं काय होणार?

आणि पैसे द्यायचे तर ते पैसे तरी हवेत. मोबुटूच्या झाइरमध्ये (काँगोचं तेव्हाचं नाव) जानेवारी १९९३ मध्ये सैनिकांना पगार दिला तो पन्नास लाख झाइरच्या कोऱ्या करकरीत नोटांमध्ये. पंतप्रधान एतियेन त्शिसेकेदी यांनी ती नोट चलन म्हणून मानायला आधीच नकार दिला होता. देशाला एकाच वेळी नोट छापणारा राष्ट्राध्यक्ष आणि ती नाकारणारा पंतप्रधान, अशी अवस्था. सैनिक नोट घेऊन बाजारात गेला तेव्हा दुकानदाराने ती हातात घेतली नाही. घरी उपाशी पोरं आणि हातात पन्नास लाखांचा कागद. किन्शासा लुटलं गेलं, माणसं मेली, फ्रान्सच्या राजदूतालाही गोळी लागून मरण आलं. मोबुटूचं स्वतःचं खास संरक्षक दल मात्र नीट पोसलेलं होतं. हाही एक नमुना अनेक देशांत दिसतो. सत्ताधारी सैन्याला घाबरतो, म्हणून आपल्यापुरती वेगळी पलटण पाळतो, तिला उत्तम पगार आणि शस्त्रं देतो, आणि उरलेलं सैन्य मुद्दाम दुबळं ठेवतो. उरलेल्या सैन्याला ते दिसत असतं.

सगळंच पैशावर येऊन थांबतं असंही नाही. बांगलादेशात ७ नोव्हेंबर १९७५ ला ढाक्याच्या छावणीत शिपायांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्या बारा मागण्यांमध्ये अधिकाऱ्यांच्या घरी चाकरी करायला लावणारी बॅटमन पद्धत बंद करा, ही मागणी होती. साहेबाचे बूट पुसण्यासाठी, साहेबिणीची भाजी आणण्यासाठी आम्ही मुक्तियुद्ध लढलो का, हा त्यामागचा प्रश्न. त्या रात्रीची घोषणा होती, 'सिपाई सिपाई भाई भाई, ऑफिसारेर रोक्तो चाई'. अधिकाऱ्यांचं रक्त हवं. आणि रक्त सांडलं. उठावाला दिशा देणारे कर्नल अबू ताहेर पुढच्या वर्षी जुलैमध्ये फाशी गेले. त्या उठावाने नजरकैदेतून सुटलेले झिया-उर-रहमान सत्ताधीश झाले. २५ फेब्रुवारी २००९ ला त्याच शहरात, पिलखाना इथल्या बांगलादेश रायफल्सच्या मुख्यालयात जवानांनी पुन्हा बंड केलं. पगार आणि शांतिसेनेत संधी या तक्रारी होत्याच, पण आपल्या दलाचे अधिकारी कायम लष्करातूनच येतात, आपल्यातला कुणी वर जाऊच शकत नाही, हा जुना सल होता. ७४ माणसं मारली गेली, त्यांत ५७ लष्करी अधिकारी. गाऱ्हाणं खरं होतं म्हणून त्या कत्तलीला क्षमा मिळत नाही. पण कत्तल झाली म्हणून गाऱ्हाणं खोटं होतं असंही म्हणता येत नाही.

भारतात असं का झालं नाही, हा प्रश्न इथे मनात येतोच. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय अधिकाऱ्यांची एक पिढी तयार होती, हे मोठं भाग्य. काँगोत शून्य होते. शिवाय तिन्ही दलांवरचं सेनापतीचं सर्वोच्च एकछत्री पद १९४७ मध्येच मोडून प्रत्येक दलाला बरोबरीचे प्रमुख दिले गेले, आणि १९५५ मध्ये 'सरसेनापती' हा किताबही गेला. ब्रिटिश सरसेनापतीचं निवासस्थान, तीन मूर्ती भवन, पंतप्रधानांचं घर झालं. तरी जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर काही शीख तुकड्यांनी बंड केलंच, आणि त्यात पैशाचा काही संबंध नव्हता.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातून येणाऱ्या अशा बातम्यांत एक नवी गोष्ट मिसळली आहे: चालू युद्ध. बढती आणि भत्त्याची तक्रार तीच, पण तिच्या जोडीला 'आम्हाला रिकाम्या हाताने मरायला पाठवता' हा संताप. मालीत २१ मार्च २०१२ ला राजधानी बामाकोजवळच्या काती छावणीत संरक्षणमंत्री शिपायांची समजूत घालायला गेले. उत्तरेत तुआरेग बंडखोरांशी लढताना साथीदार मारले जात होते, दारूगोळा पुरत नव्हता. बोलणं फिसकटलं, दगड आले, शिपायांनी शस्त्रागार फोडलं, आणि संध्याकाळी ते राजधानीत होते. दुसऱ्या दिवशी कॅप्टन अमादू सानोगो देशाचा प्रमुख. निवडणूक महिन्याभरावर होती आणि राष्ट्राध्यक्ष तूरे पुन्हा उभेही राहणार नव्हते. ज्या लढाईसाठी साधनं मागितली ती दहा दिवसांत हरली: ३० मार्चला किदाल, ३१ ला गाओ, १ एप्रिलला टिंबक्टू हातचं गेलं.

अशी बातमी आली की मी आधी तीन गोष्टी शोधतो. टीव्हीवर निवेदन वाचणाऱ्याचा हुद्दा काय आहे, मागण्यांची यादी आहे की थेट राज्यघटना स्थगित केल्याची घोषणा, आणि देशाचा प्रमुख शेवटचा कधी दिसला. पहिल्या काही तासांत एवढ्यावरून बरंच कळतं.

चौथी गोष्ट मात्र त्या दिवशी शोधून सापडत नाही, कारण ती काही महिने आधी घडून गेलेली असते. बुर्किना फासोच्या उत्तरेला इनाता नावाच्या सोन्याच्या खाणीजवळ निमलष्करी जवानांची एक चौकी होती. तिथल्या प्रमुखाने वर संदेश पाठवला की शिधा संपलाय, दोन आठवडे आजूबाजूची जनावरं मारून जवान पोट भरताहेत. १४ नोव्हेंबर २०२१ ला त्या चौकीवर जिहादी टोळीने हल्ला केला. ५० हून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक सगळे जवान. तो संदेश लोकांपुढे आला आणि शहरांत मोर्चे निघाले. २३ जानेवारी २०२२ ला राजधानी वागाडुगूच्या छावणीत बंड झालं. मागण्या होत्या जास्त कुमक, जखमींवर उपचार, मेलेल्यांच्या कुटुंबांची सोय, आणि लष्करप्रमुखांची उचलबांगडी. दुसऱ्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रॉक काबोरे पदावर नव्हते, लेफ्टनंट कर्नल दामिबा होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वेढलेल्या जिबो शहराकडे धान्य घेऊन निघालेल्या गाड्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, सोबतचे सैनिक मेले. चार दिवसांनी दामिबाही गेले, आणि इब्राहिम त्राओरे नावाचा ३४ वर्षांचा कॅप्टन टीव्हीवर आला.